सगळ्यांसाठी खुलं

ती पहिल्यांदा ग्रंथालयात आली तेव्हा विद्यार्थिनी समजून मी तिच्याकडे ओळखपत्र मागितलं होतं. तिशी ओलांडलेली, पण अंगानं बारीक, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत जेवणाचा डबा. तिनं शांतपणे सांगितलं की ती पलूसच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, पीएच.डी.ला नाव नोंदवलंय, आणि मार्गदर्शक सरांनी आमच्या ग्रंथालयात बसायला सांगितलंय. विषय विचारला तर म्हणाली, "मेंढरं घेऊन फिरणाऱ्या घरांतल्या बायका. वाटेवरचं त्यांचं जगणं." मग जरा थांबून, "आमचीच माणसं आहेत, मॅडम. माझी आई त्याच वाटेवर वाढली."

सांगलीच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. माझं घर साताऱ्याला. आठवडाभर सांगलीत खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी गाडी धरून आईकडे जायचं, असं माझं बरीच वर्षं चाललंय. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला माणसं कमी लागतात असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. रोज त्याच खुर्चीत येऊन बसणाऱ्या वाचकाची सवय होते. तिची मला तशी सवय झाली.

तिच्या विषयावर आमच्याकडे होतं तरी काय! जुनी जिल्ह्याची माहितीपुस्तकं, दोन-चार प्रबंध, काही मासिकांचे बांधीव खंड. त्यात मेंढरांच्या जाती होत्या, लोकर होती, देव होते. बायकांबद्दल एखादी ओळ, ती पण ‘स्त्रिया कष्टाळू असतात’ अशा धाटणीची. तेवढं ती वहीत उतरवून घ्यायची, दुपारी मागच्या लिंबाखाली डबा खायची आणि संध्याकाळच्या एसटीनं पलूसला जायची. नवरा कारखान्यात पाळीवर, मुलगी शाळेत. सुट्टीच्या दिवशी सगळं आवरून ती यायची आणि बऱ्याचदा रिकाम्या हातानं परत जायची.

त्याच सुमारास आमच्याकडे ई-जर्नल्स आली. म्हणजे देशोदेशीचे संशोधनाचे अंक घरबसल्या संगणकावर किंवा मोबाइलवर वाचता येतील अशी वर्गणी महाविद्यालयानं भरली. त्यासाठी मीच प्राचार्यांच्या मागे लागले होते. सगळ्या प्राध्यापकांना बोलावून मी ते कसं वापरायचं ते शिकवलं. बरेचजण मागच्या बाकांवर बसून आपापल्या मोबाइलमध्ये दुसरंच काही बघत होते. ती मात्र पुढच्या बाकावर होती. तिला लॉगिन देता येईल का याबद्दल थोडी घासाघीस झाली, पण मी ते मिळवून दिलं.

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले.

"मॅडम, एक लेख सापडला. कुठल्या कुठं डोंगरातल्या मेंढपाळांचा. तिथल्या बायकासुद्धा तळ हलवायच्या दिवशी चूल शेवटी विझवतात. आमच्याकडे पण तसंच!"

किंवा, "मॅडम, आज कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक लेख वाचून झाला. इंग्रजी अडलं तिथं भाषांतराचं अ‍ॅप लावलं. ते काहीतरीच लिहितं कधीकधी, पण अंदाज येतो."

तिच्या आवाजात तेव्हा जी उभारी होती ती मी विसरणार नाही. आपला विषय म्हणजे घरचंच काहीतरी, त्याला कोण विचारणार, असं इतके दिवस तिला वाटायचं. आता तिला कळलं होतं की जगात यावर अभ्यास होतो, वाद होतात, लोक हयात घालवतात. ती धीट झाली. सरांशी वाद घालायला लागली. आणि साहजिकच ग्रंथालयात यायची बंद झाली. वाचनकक्षातली तिची खुर्ची रिकामी, तशी इतरांचीही. पूर्वी कुणाला काय हवंय ते मी ओळखून काढून द्यायचे. आता एका चौकोनात दोन शब्द टाकले की सगळं समोर. मला जरा ओकंबोकं वाटायचं. पण हे आपणच घडवून आणलं याचा अभिमानही होता, आणि तो मोठा होता.

एकदा ती म्हणाली, "मॅडम, सगळ्या जगाच्या बायका आहेत त्यात. आमच्याच नाहीत."

"मग तू घाल त्यात," मी म्हटलं.

त्या बोलण्यानंतर ती मोबाइल घेऊन घरोघर बसायला लागली. तिची आई, चुलत्या, आत्या आणि सगळ्यांत जास्त तिची थोरली मावशी. ही मावशी माण तालुक्याच्या बाजूला, दुष्काळी भागातल्या एका वस्तीवर राहते. दिवाळी झाली की त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-पाच कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, सगळा मिळून चालता तळ. सातारा मागे टाकून, मेढ्यावरून घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरायचं. मावशीचं उभं आयुष्य त्या वाटेवर गेलं. आता गुडघे धरले म्हणून ती वस्तीवरच असते. तिची मुलं जातात.

तिनं मला एक-दोन ध्वनिमुद्रणं ऐकवली होती. मावशी जात्यावरची ओवी म्हणत होती, मध्येच हसत होती, "बास गं, दम लागला," म्हणत होती. मी ऐकून हरखून गेले होते.

पुढे आमच्याकडे मूल्यांकनाची समिती यायची ठरली. महाविद्यालयं यासाठी वर्षभर आधी रंगरंगोटी करतात. ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह मी उभा केला होता, पण त्यात जुन्या प्रश्नपत्रिका आणि प्राध्यापकांचे लेख यापलीकडे फारसं काही नव्हतं. मला काहीतरी वेगळं दाखवायचं होतं. मी तिला फोन केला आणि तिची सगळी ध्वनिमुद्रणं मागितली.

ती पेन ड्राइव्ह घेऊन आली, पण तो लगेच हातात देईना.

"मॅडम, सगळीच टाकायची का? मी एकदा ऐकून वेगळी काढते. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठले? सोमवारी माणसं येणार आहेत."

"नाही, म्हणजे… बायका गप्पा मारता मारता काहीही बोलतात. घरातलं."

"अगं, घरातलंच तर हवंय. तेच कुणी लिहिलेलं नाही असं तूच म्हणतेस ना? आणि हे सगळं जगाला दिसलं तर तुझं नाव होईल. पुढेमागे कायमची जागा निघाली तर उपयोगी पडेल."

कायमच्या जागेचं मी बोलायला नको होतं. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या माणसाला त्याच्यापुढे दुसरं काही दिसत नाही, हे मला माहीत होतं. तिनं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

दोन दिवस बसून मी ती सगळी ध्वनिमुद्रणं संग्रहात घातली. एकही पूर्ण ऐकलं नाही. सुरुवातीचं थोडं ऐकायचं, नाव द्यायचं, पुढचं घ्यायचं. पण नोंदी मात्र मी जीव ओतून केल्या. गावाचं नाव, वस्तीचं नाव, कुळाचं आडनाव, वाटेवरचे घाट. ज्याला जे हवं ते चटकन सापडलं पाहिजे, हे आमच्या शास्त्रातलं पहिलं सूत्र. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक प्रश्न येतो: हे कोणाला दिसावं? फक्त संशोधकांना, परवानगी घेऊन, की सगळ्यांना? मी सगळीकडे ‘सगळ्यांसाठी खुलं’ यावर खूण केली.

समितीतल्या एका गृहस्थांनी कानाला हेडफोन लावून मावशीची ओवी ऐकली आणि डोळे मिटून मान डोलावली. जाताना ते माझ्याशी खास बोलले. प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी तिचं नाव घेतलं, नाही असं नाही. पण हार माझ्या गळ्यात पडला आणि मी तो पडू दिला.

नंतर काही महिने गेले. एका दुपारी आम्ही पुस्तकांची मोजदाद करत होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"मॅडम, मावशीचं बोलणं गावात फिरतंय."

"कसलं बोलणं?"

"ते काढा मॅडम. आधी काढा. मग सांगते."

मी धावत संगणकापाशी गेले आणि मावशीच्या नावाचं सगळं काढून टाकलं. त्याला काही मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण झालं होतं असं, की त्यांच्या भावकीतला एक मुलगा पुण्यात गाडी चालवतो. सवारीची वाट बघत बसल्या बसल्या त्यानं सहज मोबाइलवर आपल्या वस्तीचं नाव टाकलं. एवढ्याशा वस्तीबद्दल जगात दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे माझी नोंद पहिल्यांदा आली. त्यानं ऐकलं, त्यातला एक तुकडा कापला आणि भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. माझं काम मी चांगलं केलं होतं म्हणूनच त्याला ते सापडलं.

तो तुकडा काय होता, ते तिच्या तोंडून ऐकायचं माझं धाडस झालं नाही. सगळे गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पेन ड्राइव्हवरचं मूळ ध्वनिमुद्रण पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

भांडी घासल्याचा आवाज येत होता. मावशी वाटेवरच्या पाण्याबद्दल बोलत होती. मग बोलणं थांबलं. मावशीचा आवाज खाली आला.

"बंद केलंस न्हवं ते?"

"व्हय मावशी, केलं," तिचा आवाज.

"हे तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. तुझ्या आईलाबी बोलू नगंस."

मग मावशीनं सांगितलं. मेढ्याच्या पुढे घाटात तिची तान्ही मुलगी तापानं फणफणली होती. ती म्हणाली, एक दिस थांबू, मेढ्याला दवाखान्यात नेऊन आणू. वाड्याचा म्होरक्या तिचा दीर. त्यानं ऐकलं नाही. रानवाले हुसकत होते, मेंढरांना चारा नव्हता, पुढं निघायलाच हवं होतं. मुलगी चालत्या घोडीवर गेली. वाटेकडेला पुरली आणि त्याच दिवशी वाडा पुढं गेला. मावशीचा नवरा नंतर लवकरच वारला. याच दिरानं तिला आणि तिच्या मुलांना सांभाळलं, मुलांची लग्नं लावली, त्यांना मेंढरं वाटून दिली. आजही ती सगळी एकाच आवारात राहतात. हे सगळं सांगून मावशी म्हणाली, "समदं केलं त्यानं. पर माझी पोर त्यानंच मारली. त्यानंच मारली गं."

कापून फिरलेला तुकडा एवढाच होता, शेवटचा.

मी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. त्यावेळी मनात पहिलं काय आलं ते लिहिते. मनात आलं, फोन बंद केला म्हणून हिनंच खोटं सांगितलंय. म्हणजे चूक हिची. आणि छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं. एका बाईचं सगळ्यांत खोल दुःख चव्हाट्यावर आलं होतं आणि मी दोष कुणाच्या माथी बसतो ते बघत होते. याची लाज मला दुसऱ्या दिवशी वाटली, त्या दिवशी नाही.

तिला मी एवढंच विचारलं, "मावशींना भेटायला जायचं का? मी येते."

आम्ही विट्यापर्यंत एसटीनं आणि पुढे वडापनं गेलो. जीप माणसांनी खच्चून भरली होती. वस्तीवर पोचलो तेव्हा मावशी दारात ज्वारी पाखडत होती. तिनं भाचीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सुनेला म्हणाली, "पानी दे." सूप काही थांबलं नाही.

मी कोण ते सांगितलं. सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला. संग्रह म्हणजे काय, तो का केला, तिचं बोलणं तिथं कसं गेलं. बोलता बोलता माझं मलाच ते ऐकवेना. शेवटी म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय मी ते लोकांपुढं ठेवलं."

"आता पुसता येतंय का?"

"आमच्याकडचं पुसलं. पण ज्यांनी आपल्या मोबाइलमध्ये घेतलं, त्यांच्याकडं राहिलं असेल."

"म्हंजी न्हाई येत."

"नाही."

तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, मी त्या दिशी रागात व्हते. सकाळीच मोठ्या लेकाशी भांडण झालं व्हतं, त्यात जुनं समदं वर आलं. रोज न्हाई मी तसं म्हणत. माझ्या दिराला मी रोज भाकरी वाढत आले. एका दिसाचं बोलणं हाय ते. तुमी ते कायमचं केलं."

मग ती भाचीकडे वळली. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"मी तुला बंद कर म्हणलं व्हतं. तू केलंस. मग त्यात बोलणं गेलं कसं?"

ती मान खाली घालून बसली होती. मावशीनं माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी म्हटलं, "ही यंत्रं अशीच असतात, मावशी. बंद केली तरी कधीकधी चालू राहतात."

का म्हटलं? तिला वाचवायला, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण दोष यंत्रावर गेला की दोघींचाही सुटतो, हे मला तेव्हाच कळलं होतं.

मावशीला ते पटलं. "व्हय, तसलंच असतंय ते," एवढं म्हणून तिनं पुन्हा सूप उचललं.

म्हातारा दीर आवाराच्या टोकाला, कोकरांच्या कुडाशेजारी बाजेवर बसला होता. सुनेनं दबक्या आवाजात सांगितलं, की तो तुकडा ऐकल्यापासून त्यानं बाज तिकडेच नेली आहे. मावशीच्या हातचं जेवत नाही. धाकट्या पुतण्याकडून ताट येतं. मी त्याच्याकडे गेले, हात जोडले, माझी चूक झाली म्हटलं.

"आवं तुमचा काय दोष," तो म्हणाला. "ती बोलली ते खरंच हाय. मला ठावं हाय, तिलाबी ठावं हाय. इतकी वर्सं ती बोलली न्हाई, मी बोललो न्हाई. त्याच्यावर घर उभं व्हतं." एक कोकरू त्याच्या धोतराचा सोगा चघळत होतं, त्यानं तो हळूच सोडवून घेतला. "बोलायचं व्हतं तर माझ्या तोंडावर बोलायची. मी ऐकून घेतलं आस्तं. पर नातवाच्या फोनातनं ऐकायचं म्हंजी…"

परतीच्या वाटेवर तिनं मला सांगितलं की ती प्रबंध सोडणार आहे. मी तिला अडवलं. सरांनी अडवलं. ती थांबली, पण मावशीचं प्रकरण तिनं पूर्ण काढून टाकलं. इतर बायकांकडे जाऊन मोबाइल न लावता हातानं लिहून घेतलं. घरोघर बातमी पोचली होती, त्यामुळे बायका जपून बोलत. तिच्या प्रबंधात पुढे देशोदेशीचे संदर्भ भरपूर आले, एकाहून एक नवे. आणि ज्यांच्यासाठी ते जमवले होते त्या बायकाच त्यात पुसट झाल्या. एका परीक्षकांनी अहवालात लिहिलं, की वाचन विस्तृत आहे, पण प्रत्यक्ष सामग्री थोडी अपुरी वाटते. तो अहवाल तिनं मला दाखवला.

त्याआधी, म्हणजे प्रबंध लिहून होत आला होता तेव्हा, म्हातारा आजारी पडला. छातीत पाणी झालं होतं. साताऱ्याला दवाखान्यात आणला. माझं घर तिथून जवळ, म्हणून शनिवार-रविवार मी डबा घेऊन जायचे. पहिल्या दिवशी गेले तर मावशी त्याच्या खाटेशी बसून त्याला चमच्यानं पेज भरवत होती. तो मुकाट्यानं खात होता. दोघं एकमेकांकडे बघत नव्हती, पण पेज संपली तेव्हा त्यानं आपलं तोंड तिच्या पदराला पुसलं, आणि तिनं पुसू दिलं.

मला वाटलं, चला, मिटलं. इतकं बरं वाटलं मला.

भाचीही पलूसहून आली होती; बाहेरच्या बाकावर आम्ही तिघी चहा प्यायला बसलो. मावशी बऱ्यापैकी मोकळी बोलत होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या बायकोबद्दल सांगत होती, की ती लोणंदची, बाजारात कांद्याची आडत असलेल्यांच्या घरातली, आणि सगळ्या नर्सांना कामाला लावते. सांगता सांगता हसली पण. तेवढ्यात हिचा फोन वाजला. मुलीचा होता. हिनं तो पिशवीतून काढला, दोन शब्द बोलली आणि बाकावर आपल्या बाजूला ठेवला.

मावशी बोलायची थांबली. वाक्य अर्ध्यावर राहिलं. नजर त्या फोनवर. चहाचा कप दोन्ही हातांत धरून नुसती बसली. हिच्या लक्षात आलं. हिनं फोन पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं, तरी मावशी बोलली नाही. थोड्या वेळानं उठून आत गेली.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही ते पूर्ण ऐकलं होतं ना?"

"हो."

"मी बंद केलाय म्हटलं, ते पण?"

"हो."

"मग तिथं यंत्रावर का ढकललंत?"

ती स्वतःच बोलत राहिली. "ती पहिल्यांदाच असं काही सांगायला लागली होती. मला वाटलं, आता फोनला हात लावला तर थांबेल. ऐकून घेऊ, नंतर तेवढं पुसून टाकू. खरंच पुसणार होते. म्हणूनच तुमच्याकडे चार दिवस मागितले होते." डोळे पुसून ती उठली. "मी सांगते तिला. येता?"

मी म्हटलं, "तुमच्या दोघींतलं आहे. तू जा."

ती आत गेली. मी रिकामा डबा पिशवीत घातला आणि घरी आले. आईनं विचारलं, "कसे आहेत आजोबा?" मी म्हटलं, "बरे आहेत." ते खरंच बरे होते. पुढच्या आठवड्यात घरी गेले. त्यांची बाज आता पुन्हा घराच्या पडवीत आली आहे असं कळलं.

मावशी त्या दिवशी भाचीवर रागावली नाही. नुसतं म्हणाली, "मला वाटलंच व्हतं." नंतर बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही, मग हळूहळू बोलायला लागली. आता फोन करते, जेवलीस का, पोरगी शाळेत जाते का, एवढं विचारते. वाटेवरचं, जुनं, काही सांगत नाही. पदवी मिळाल्यावर ही तिच्या पाया पडायला गेली तेव्हा तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि गोडधोड करून घातलं.

हे सगळं तिनं मला पेढे द्यायला आली तेव्हा सांगितलं. ग्रंथालयात आम्ही दोघीच होतो. जायला उठली आणि दारापाशी थांबून म्हणाली, "मावशीनं त्या दिवशी दवाखान्यात आणखी एक विचारलं होतं."

"काय?"

"म्हणाली, त्या बाईला ठावं व्हतं का? तू बंद केलं न्हवतंस ते?"

मी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

"मी ‘नाही’ म्हटलं, मॅडम. म्हटलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं."

ती हे उपकार केल्यासारखं म्हणाली नाही. साधंच म्हणाली, आणि तिला एसटी गाठायची होती म्हणून निघून गेली. तिनं आपलं खोटं कबूल करून टाकलं होतं आणि जाता जाता माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं.

आता मी प्रत्येक ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकल्याशिवाय संग्रहात घेत नाही. बोलणाऱ्या माणसाला स्वतः फोन करून विचारते. संशोधक कुरकुरतात, म्हणतात, मॅडम, तुम्ही फार वेळ लावता. लावते. पण त्यातलं काहीही मावशीपर्यंत पोचत नाही. विट्यापर्यंत एसटी आहे, पुढं वडाप मिळतं. वस्तीची वाट मला पाठ आहे. दर सुट्टीला वाटतं, या वेळी जाऊन सांगून यावं की मला ठाऊक होतं. मग शनिवार येतो आणि मी साताऱ्याची गाडी धरते.